आठ बाइट

शेनाकोत रात्री अकराला दार वाजतं.
निरोप माणसाच्या पायांनी आलाय, कारण दुसरी वाटच बंद:
एतेरी नर्सनं खाली खोऱ्यात पाठवायला घेतलेला
म्हाताऱ्या गुराख्याच्या हृदयाचा आलेख
संध्याकाळपासून पडद्यावर नुसता गोल गोल फिरतोय.

मझेविनार कोठीत उतरते.
मेंढीच्या कातड्यात चीज मुरतंय, त्या पिशव्यांमागे
फळीवर तिचा राउटर:
जुनाट संगणक, आत लिनक्स, पंख्यात अडकलेली लोकर.
ती कीबोर्ड मांडीवर घेते. बोटं गार.
शेजारी दिसतो का, एवढंच आधी विचारते.

दिसतो.
दरीपल्याड दार्तलो, शेतेचा राउटर.
दर दहा सेकंदांनी त्याचं गामार्जोबा येतं,
दर दहा सेकंदांनी हिचं जातं.
चाळीस सेकंद गप्प राहिला
तर शेजारी मेला असं धरायचं, हा प्रोटोकॉलचा नियम.
माणसांत मुदत बरीच लांब.
ती आणि शेते कुरणाच्या हद्दीवरून
तीन उन्हाळे बोललेले नाहीत,
तरी कुणी कुणाला मेलेलं धरलेलं नाही.

पिंग जातं. पिंग येतं.
फायरवॉल उघडी. एरिया शून्य, तिकडेही शून्य.
पासवर्ड जुळतो, तो तर भांडणाच्या आधीचाच आहे.
तरी शेजाऱ्याच्या नावापुढे तोच एक शब्द:
एक्सस्टार्ट.
म्हणजे ओळख पटली, चला, आता वह्या उघडू,
कुठली वाट कुठल्या गावाला जाते ते एकमेकांना सांगू,
आणि पान उलटायच्या आत
दोघेही परत पहिल्या ओळीवर.
परत. परत.

मग ती नुसती ऐकत बसते.
वायरीवरून जाणारं एकेक पॅकेट
पडद्यावर सरकत राहतं, आणि कधीतरी साडेबाराला
तिला तो आकडा दिसतो.
शेते सांगतोय, माझ्या दारातून पंधराशे बाइट मावतात.
हिचं दार म्हणतंय, माझ्यातून चौदाशे ब्याण्णव.
कालच तिनं कड्यावरचा रेडिओ बदलला होता,
नव्यानं आठ बाइट स्वतःच्या खिशात घातले
आणि कुणाला काही बोलला नाही.
तीही बोलली नव्हती.

तर इथं घोडं पेंड खातंय.
बाहेर खरंखुरं घोडं आहे, ते मात्र
निरोप आणून झोपलंय, उभ्याउभ्या.

एक आज्ञा असते: हा फरक बघूच नको.
ती टाइप करते. एंटरवर बोट ठेवते.
शेजार जुळेल, सगळं हिरवं दिसेल,
आणि मोठं काही निघालं, हृदयाएवढं,
की वाटेत कुठंतरी न सांगता पडेल.
ती अक्षरं मागं मागं पुसत जाते.

वॉकीटॉकी खिळ्याला लटकलेला. बॅटरी आहे.

"शेते."
खरखर. कुत्रा. खरखर.
"शेते, तुझ्याकडचा आकडा चौदाशे ब्याण्णव कर."
"पंधराशे आहे."
"माहीत आहे. आठ कमी कर."
"रेडिओ तू बदललास."
"हो."
"सांगायचं होतंस."
ती बटण दाबते, सोडते, पुन्हा दाबते.
"हो."

नंतर फक्त त्याच्या कळा ऐकू येतात,
एका बोटानं, सावकाश, चष्मा न लावता मारलेल्या.

एक्सस्टार्ट.
एक्सचेंज.
लोडिंग.
फुल.

आणि पलीकडच्या वाटा येऊ लागतात,
दार्तलोच्या, तिच्यापुढच्या वाड्यांच्या, खाली खोऱ्याच्या,
एकाखाली एक, तिला वाचताही येणार नाहीत इतक्या भराभर.
वर कुणीतरी ओरडतं, गेला, आलेख गेला.

वॉकीटॉकी अजून चालूच आहे. त्यानंही बंद केलेला नाही.
कुत्रा गप्प झालाय.
चाळीस सेकंद होऊन गेली असतील.

"चीज कसं उतरलं यंदा?" तो विचारतो.
ती पिशव्यांकडे बघते.
"खारट," ती म्हणते.